एक घास खड्ड्याचा

"यात काहीच कसं नाही?" फडतरे गुरुजींनी खड्ड्यात डोकावत विचारलं.

खड्डा शाळेच्या मागं होता. आम्ही पोरांनीच तो श्रावणात खणला होता, कडा शेणानं सारवल्या होत्या आणि शेजारी गुरुजींनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी रोवली होती, 'कंपोस्ट खत प्रकल्प'. आत होता थोडा लिंबाचा पाला आणि एक बेडूक.

"बेडूक आहे, गुरुजी," मी म्हणाले. मी तेव्हा तिसरीत होते आणि शाळेच्या मंत्रिमंडळात पर्यावरणमंत्री होते. खड्ड्याची खबर ठेवणं माझ्याकडं होतं.

"बेडकाचं खत होत नाही, वैजू," गुरुजी म्हणाले आणि खड्ड्याच्या काठावरच बसले. तपासणीची समिती आठ दिवसांवर आली होती.

आमची हुबालेवस्तीची शाळा म्हणजे एक खोली, एक व्हरांडा आणि एकटे फडतरे गुरुजी. दुसऱ्या बाई बदलून गेल्या त्या गेल्याच. पोरं इतकी थोडी की शाळा बंद करून आम्हाला पळसगावच्या शाळेत घालायचं, असं वर घाटत होतं. पळसगाव ओढ्यापलीकडं, त्याच्याही पुढं हायवे. तो ओलांडून पोरी पाठवायची रीत आमच्या वस्तीवर नव्हती. माझी थोरली बहीण चौथी पास झाली आणि शेळ्यांमागं लागली. शाळा गेली असती तर मी तिसरीतूनच लागले असते. शेळ्यांनाही ते ठाऊक असावं, कारण त्या माझ्याकडं आत्तापासूनच आपलं माणूस म्हणून बघायच्या.

गुरुजींनी एक वाट शोधून काढली होती. तालुक्यात हरित शाळेची स्पर्धा होती. ज्या शाळेला तिची ढाल मिळते, तिला कुणी हात लावत नाही, असं त्यांना कुणीतरी खात्रीनं सांगितलं होतं. मागल्या वर्षीही आम्ही भाग घेतला होता. झाडं, परसबाग, पाणी, सगळ्यात आम्ही पहिले. घोडं अडलं ते कचऱ्यावर. ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा रिकामा, सुक्याचा निळा डबा रिकामा. समितीनं शेरा मारला, 'कचरा व्यवस्थापन आढळून आले नाही.'

"अहो, पण कचराच नाही आमच्याकडं," गुरुजींनी तेव्हा हात जोडून सांगितलं होतं.

"मग व्यवस्थापन कशाचं करता?" समितीतल्या एकानं विचारलं होतं, आणि त्यावर गुरुजींना वर्षभर उत्तर सापडलं नव्हतं.

खरोखरच नव्हता कचरा. भरलेल्या वह्यांची पानं चुलीला जायची, हात धुतलेलं पाणी शेवग्याला जायचं, पेन्सिल बोटात मावेनाशी झाली की धाकट्या भावाच्या बोटात मावायची. उरला दुपारचा भात. पण तो आईच्या हातचा होता.

माझी आई शाळेत स्वयंपाक करायची. व्हरांड्याला लागून पत्र्याचं शेड, त्यात चूल. प्रार्थना संपली की ती बाहेर यायची, दारातल्या चपलांवरून एक नजर फिरवायची आणि मग तांदूळ घ्यायची. अनवाणी येणारी पोरं तिच्या ध्यानात असायची, त्यांचं ती मनातल्या मनात धरायची. कधी कमी पडलं नाही, कधी उरलं नाही. जेवण झालं की ती रांगेच्या टोकाला उभी राहायची आणि ज्याच्या ताटात शीत दिसेल त्याला हाक मारायची. "ए, ह्ये कुनासाटी ठिवलंयस? तुज्या सासऱ्यासाटी?" पोरगं चौथीतलं असलं तरी लाजून परत बसायचं आणि ताट चाटायचं. पातेल्याला लागलेली खरपुडी कुणाला मिळणार, यावरून तर मारामाऱ्या व्हायच्या.

त्या पातेल्याची आईला भारी मिजास होती. भांडी घासायला लागत नाहीत, असं ती वस्तीवरच्या बायकांना सांगायची.

आता गुरुजी तिच्या पत्र्याच्या दारात येऊन उभे राहिले. मी त्यांच्यामागं.

"इंदूवहिनी, एक विनंती होती."

"बोला की."

"रोजच्यापेक्षा थोडा जास्त भात टाकाल का? म्हणजे थोडा उरेल."

आईनं उलथनं खाली ठेवलं. "उरंल? आनि उरल्यालं काय करायचं?"

"खड्ड्यात टाकायचं."

आईनं पदराला हात पुसले. मग तिनं माझ्याकडं बघितलं, जणू गुरुजींना ताप आहे का हे मला ठाऊक असावं. "गुरुजी," ती म्हणाली, "पोरं घरनं कोरा च्या पिऊन येत्यात. त्यांच्या तोंडचं मी खड्ड्याच्या तोंडात घालू? मला न्हाई जमायचं त्ये."

"खत होईल त्याचं. झाडांना घालू."

"झाडं मागायला आल्यावर देऊ की."

गुरुजी माघारी फिरले. माणूस वाईट नव्हता. उन्हाळ्याच्या सुट्टीत सायकलवरून येऊन झाडांना पाणी घालणारा तो माणूस. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि गुरुजींची काडी त्या खड्ड्यात होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला जेवणाआधी उभं केलं. "लहानपणी आई भरवताना काय म्हणते? एक घास चिऊचा, एक घास काऊचा. तसा आजपासून एक घास खड्ड्याचा. प्रत्येकानं ताटात शेवटचा एक घास ठेवायचा आणि ओळीनं जाऊन खड्ड्यात टाकायचा."

श्लोक झाला, जेवण झालं. सगळ्यांनी इमानानं एकेक घास राखला. ओळ निघाली. ओळीत सगळ्यात पुढं होता चौथीतला तानाजी, अंगानं दांडगा आणि कायम भुकेला. त्यानं खड्ड्याजवळ पोचून मागं वळून म्हटलं, "द्या हिकडं, मी टाकतो सगळ्यांचं." पोरांनी आपापले घास त्याच्या ताटात ओतले. गुरुजी येऊन बघतात तर खड्ड्यात तोच बेडूक आणि तानाजी हात चाटतोय.

"कुठं गेलं सगळं?"

"खड्ड्यातच, गुरुजी," तानाजी पोटावरून हात फिरवत म्हणाला. गुरुजींना मारावं की हसावं ते कळेना. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही, नुसता चष्मा पुसला.

मग ते पुन्हा आईकडं आले. या वेळी जरा आडून. म्हणाले, एक दिवस मीठ अंमळ जास्त पडलं तर कुणी काही म्हणणार नाही. आई ऐकून लाल झाली. पण त्याच संध्याकाळी घरी वडील बोलून गेले, "शाळा मोडली की वैजीला शेळ्या देऊन टाकू. थोरलीचं औंदा लगीन हाय." सकाळी तिनं आमटीत मुठीनं मीठ टाकलं आणि चुलीकडं पाठ करून उभी राहिली. रडतीये का बघायला मी वाकले तर मला धपाटा बसला.

त्या दिवशी पोरांनी नेहमीइतकंच खाल्लं. फक्त हौदावर पाणी प्यायला रांग लागली. तानाजीनं तर आमटी आज जरा बरी झाली होती असं सांगितलं.

"काय पोरं हायत," आई म्हणाली. तिला वाईट वाटत होतं की अभिमान, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेपुढं टेम्पो थांबला. पळसगावच्या मंगल कार्यालयात सकाळी लग्न उरकलं होतं आणि गुरुजींनी तिथलं उष्टं-खरकटं मागून आणलं होतं. कार्यालयवाल्यानं आनंदानं दिलं, वर टेम्पोही दिला. गुरुजी ड्रायव्हरशेजारी बसून आले. पिंपांवर झाकणं होती, तरी वास आमच्यापर्यंत आधीच पोचला होता. मसालेभाताचा, मठ्ठ्याचा आणि जिलबीचा.

जिलबी आम्ही वर्षाकाठी एकदा बघायचो, तीही झेंडावंदनाला, एकेक. गुरुजींनी आम्हालाच पिंपं उतरवायला सांगितलं. त्यांचीही अक्कल तेव्हा कुठं चरायला गेली होती कोण जाणे. पिंपं गाडीवरून खड्ड्यापर्यंत पोचेतो एकाही पिंपात जिलबी उरली नव्हती. पुऱ्या आईनं दिसल्या तशा उचलून शेळ्यांसाठी पदरात घेतल्या. सवयच तशी. गुरुजी काठी घेऊन धावत आले तेव्हा तोंडं पाकानं माखलेले आम्ही ओळीत उभे होतो.

"अरे, कचरा आहे तो," गुरुजी म्हणाले. आवाज रडवेला झाला होता. "कचरा असा खातात का?"

नशिबानं भात ढीगभर होता, आमटी होती, कोशिंबीर, चोखलेल्या शेवग्याच्या शेंगा. खड्डा काठोकाठ भरला. वर पालापाचोळा पसरून, माती टाकून गुरुजींनी कुत्री हाकलायला तिथंच बाज टाकली. जाताना आई खड्ड्यापाशी थांबली. वरची माती पायानं जरा बाजूला केली. खाली मऊ, मोकळा, चांगला शिजलेला भात होता.

"कुनी शिजवला आसंल ह्यो," ती म्हणाली, "त्येला म्हाईत बी नसंल कुटं आलाय त्यो." आणि माती पुन्हा सारखी केली.

समिती आली. तिघं होते, पण बोलायच्या त्या देशमाने मॅडमच. सुती साडी, डोक्यावर टोपी, कुणाचाही पाणउतारा न करणाऱ्या. त्यांनी झाडं बघितली, शेवगा बघितला. मी पर्यावरणमंत्री म्हणून पाठ केलेलं सगळं बोलले. मग आम्ही खड्ड्यावर आलो. मॅडमनी काडीनं माती उकरली आणि खूश झाल्या.

"छान. पोषण आहाराचं उरलेलं का?"

"हो हो," गुरुजी म्हणाले. "सगळं उष्टं इथंच येतं."

एवढ्यावर त्या गेल्या असत्या. पण जेवणाची वेळ झाली होती आणि मॅडम म्हणाल्या, मुलांबरोबर बसू थोडं. आम्ही बसलो. समोर पाहुणे असल्यामुळं आईनं खिचडीत शेंगदाणे जरा सढळ टाकले होते. आम्ही जेवलो. आदल्या दिवशी जिलब्या खाल्ल्या म्हणून आज भूक कमी, असलं काही आमच्यात नव्हतं. गुरुजी रांगेमागून फिरत खोकत होते, एक घास, एक घास असं ओठांतल्या ओठांत म्हणत होते. पण समोर खिचडी असताना खोकल्याकडं कोण बघतो? ताटं पुसून लख्ख. तानाजीच्या ताटात तर तोंड दिसत होतं.

मॅडम एका ताटावरून दुसऱ्या ताटाकडं बघत गेल्या. मग उठून पातेल्यात डोकावल्या. पातेलंही तसंच.

"फडतरे सर," त्या हळूच म्हणाल्या, "इथं तर काही उरलं नाही. मग एवढा खड्डा कशानं भरला?"

गुरुजींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ढाल, शाळा, त्यांची उन्हाळ्यातली सायकल, माझं तिसरीचं पुस्तक, सगळं त्या उघड्या तोंडात अडकलं होतं. मॅडम वाट बघून आईकडं वळल्या.

"ताई, तुम्हीच सांगा. रोज उरतं का हो अन्न?"

आई पत्र्याच्या दारात उभी होती. हातात उलथनं. तिनं आधी गुरुजींकडं बघितलं. मग रांगेत मला शोधलं, मी दिसल्यावर जरा थांबली. भांडी घासायला लागत नाहीत म्हणून वस्तीभर मिरवणारी माझी आई. तिनं मान खाली घातली.

"उरतं की, मॅडम," ती म्हणाली. "लई उरतं. पोरांस्नी माज्या हातचं ग्वाड लागत न्हाई."

तानाजी काहीतरी बोलायला गेला, तर शेजारच्या पोरीनं त्याच्या मांडीला चिमटा काढला.

"आज तर सगळं संपवलं," मॅडम म्हणाल्या.

"आज तुमी हाय म्हून. लाजंखातर खाल्लंय."

मॅडमनी मान डोलावली. त्यांना पटलं. आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, ताई." त्या खरंच चांगल्या बाई होत्या. गाडीत बसेपर्यंत त्यांचा चेहरा आईसाठी कळवळलेला होता.

ढाल आम्हाला मिळाली. गुरुजींनी ती टेबलावर अशी ठेवली की दारातून आत येणाऱ्याला आधी ढाल दिसावी, मग गुरुजी. पळसगावला आम्हाला घालायची भाषा बंद झाली. गुरुजींना सांगणाऱ्यानं ते तरी खरं सांगितलं होतं. गुरुजींनी आईला सगळ्यांसमोर हळदी-कुंकवाचं बोट लावावं तसं अलगद म्हटलं, "वहिनी, शाळा तुम्ही राखली." आई लाजली. त्या दिवशी तिनं घरी शेळीच्या दुधाची खीर केली, आणि वडिलांनी शेळ्या माझ्या नावावर करायचा विषय काढला नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि वरून हुकूम आला. गुरुजींनी तो व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचला आणि मग पत्र्याच्या शेडकडं जाताना त्यांची चाल मंदावत गेली. समितीनं कळकळीनं कळवलं होतं की या शाळेत शिजवलेलं अन्न मुलांना आवडत नाही, ते रोज मोठ्या प्रमाणात वाया जातं, तरी मुलांच्या हितासाठी काहीतरी करावं. म्हणून वरच्यांनी केलं. आता तालुक्याच्या मोठ्या स्वयंपाकघरातून गाडी येणार होती, तयार जेवण घेऊन. इथली चूल बंद.

आई ऐकत होती. चुलीवर पाणी उकळायला लागलं होतं. ती म्हणाली, "तांदूळ टाकू का नगं मग?"

"आज टाका," गुरुजी म्हणाले. "मी जातो उद्या तालुक्याला. सांगतो त्यांना, एक शीतही उरत नाही म्हणून."

गेलेही. संध्याकाळी परत आले तेव्हा आम्ही अजून मैदानात खेळत होतो. आई त्यांची वाट बघत पायरीवर बसली होती.

"काय म्हनले?"

"म्हणाले, काहीच उरत नाही तर ढाल कशाबद्दल घेतली?" गुरुजींनी सायकल भिंतीला टेकवली. "म्हणाले, तसं लिहून द्या. मग ढाल परत घेऊ आणि शाळेचं काय करायचं तेही बघू."

"मग दिलं लिहून?"

गुरुजींनी नुसती नकाराची मान हलवली. इकडे आड, तिकडे विहीर. आई उठली, पदर खोचला आणि आत जाऊन पातेलं पालथं घातलं. "बरं क्येलं," ती आतून म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण आम्ही हात दाखवला नसता तर हातच गेला असता, त्यामुळं कुणाला दोष द्यावा ते आजही मला ठरवता येत नाही.

गाडी यायला लागली. निळी, वर हसरी मुलं काढलेली. ती सगळ्या शाळा फिरून आमच्याकडं शेवटी यायची. खिचडी सकाळीच कधीतरी शिजलेली, उलथन्यानं वडीसारखी कापावी लागायची. ती यायची पटावरच्या आकड्याप्रमाणं. दारात चपला किती आहेत हे बघायला कुणी उतरत नव्हतं. आईला गुरुजींनी धडपड करून वाढायच्या कामावर ठेवून घेतलं. वाढायचं, आणि उरेल ते खड्ड्यात नेऊन टाकायचं.

आणि उरायला लागलं. पहिल्या दिवशी थोडं, मग जास्त. तानाजीनं बरेच दिवस झुंज दिली, पण एक दिवस त्यानंही अर्धं ताट तसंच ठेवलं आणि आईकडं अपराध्यासारखं बघितलं. आईनं त्याला हाक मारली नाही. कुणासाठी ठेवलंयस, असंही विचारलं नाही. ती घमेलं घेऊन ओळीतून गेली, भात गोळा केला आणि मागं जाऊन ओतून आली. सकाळी प्रार्थना संपल्यावर मात्र ती अजूनही बाहेर यायची, चपलांवरून नजर फिरवायची आणि मग आपण कशाला आलो हे विसरल्यासारखी आत जायची.

खड्डा भरला. दुसरा खणावा लागला. बेडूक कुठं गेला कळलं नाही. खत असं झालं की शेवगा पत्र्याच्या वर गेला आणि झेंडूची फुलं पळसगावच्या लोकांनी येऊन मागून नेली. चौथीपर्यंतच्या शाळेला पुढं पाचवीचा वर्ग जोडला, म्हणून मला पाचवीही वस्तीवरच मिळाली, आणि तोवर आम्ही पोरी जोडीनं हायवे ओलांडायला शिकलो. पुढं मी शिकले, ती त्या शाळेमुळं, हे मी कुणाच्याही समोर सांगेन.

पुढल्या वर्षी देशमाने मॅडम पुन्हा आल्या. या वेळी टेम्पो लागला नाही, बाज टाकावी लागली नाही, गुरुजी खोकले नाहीत. दोन्ही खड्डे बघून मॅडमनी कचऱ्याला पैकीच्या पैकी गुण दिले. उरलेल्या भाताच्या घमेल्याचा फोटो घेतला, शेजारी आईला उभं करून. ढाल दुसऱ्यांदा आमचीच.

गाडी गेल्यावर आई घमेलं कमरेवर घेऊन खड्ड्याकडं निघाली. मी तिच्याबरोबर होते. तिनं भात ओतला, घमेलं झटकलं, आणि थोडा वेळ आत बघत उभी राहिली.

"वैजे," ती म्हणाली, "एक बरं झालं बग."

"काय गं?"

"त्या बाईला मी खोटं बोल्ले, ह्ये मनात डाचत हुतं वरीसभर." तिनं घमेल्याला चिकटलेलं शीत बोटानं काढलं, सवयीनं तोंडाकडं नेलं, आणि मग खाली टाकलं. "आता खरं झालं."